डिझाइन ऑनलाइन दाखवावे, पण त्यावरून छापता येऊ नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही घरूनच ओढण्या, स्टोल आणि साड्यांसाठी हाताने डिझाइन काढता, ती स्कॅन करून इन्स्टाग्रामवर टाकता आणि मागणी येईल तसे थोडे थोडे कापड डिजिटल प्रिंट करून घेता. सीताफळाच्या फांद्यांचे तुमचे ऑल-ओव्हर, म्हणजे कापडभर पसरणारे, डिझाइन एका खरेदीच्या अ‍ॅपवर कुणा दुसऱ्याच विक्रेत्याच्या कुर्त्यांवर छापलेले तुम्हाला दिसले. तुम्ही स्वतः त्या डिझाइनचे जेमतेम डझनभर स्टोल केले होते. आता पोस्ट करणे बंदच करावे का, वॉटरमार्क किती मोठा टाकावा, कॉपीराइटची नोंदणी आता करून उपयोग आहे का, आणि एक घाऊक खरेदीदार ‘साहेबांना दाखवायला’ पूर्ण मापाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागतो आहे त्याला ती द्यावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मी छापील कापडासाठी डिझाइन करणारी आहे, वकील नाही. इचलकरंजी, भिवंडी आणि मुंबईच्या खरेदीदारांबरोबर बरीच वर्षे काम करताना कायद्याचा जो भाग रोजच्या व्यवहारात लागतो तेवढा शिकले आहे आणि तोच सांगते. प्रत्यक्ष नोटीस पाठवायची वेळ आली तर या विषयातला वकील गाठावा लागेल, हे आधीच नमूद करते.

चित्र ऑनलाइन टाकले की ते कुणीतरी उतरवून घेणार, हे आपण थांबवू शकत नाही. स्क्रीनशॉट बंद करण्याचा कोणताही उपाय टिकत नाही आणि त्यामागे लागून वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या हातात दोन गोष्टी असतात. दाखवलेल्या चित्रावरून थेट उत्पादन काढता येऊ नये अशा रीतीने ते दाखवणे ही पहिली, आणि कुणी तरीही नक्कल केलीच तर डिझाइन आपले आहे हे सिद्ध करून कायद्याचा दरवाजा उघडा राहील अशा क्रमाने काम करणे ही दुसरी. बहुतेक कलाकार पहिल्या गोष्टीचा अर्धाच विचार करतात आणि दुसरीचा क्रम उलटा करतात, म्हणून दुसरीपासून सुरुवात करते.

आपल्या देशात चित्राला कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणीची गरज नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ कलाकृती कागदावर किंवा पडद्यावर उतरली की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो आणि तो कलाकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी नसली तरी दावा लावता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे. नोंदणीचा फायदा पुराव्यापुरता आहे: प्रमाणपत्र असले की मालकीचा प्रथमदर्शनी पुरावा तयार असतो आणि अ‍ॅपवाल्यांचे तक्रार विभाग कागद पाहून लवकर हलतात. कलाकृतीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आहे. तीच कलाकृती मालावर किंवा सेवेसाठी वापरली जाणार असेल तर शुल्क २,००० रुपये होते आणि ट्रेडमार्क निबंधकांकडून एक शोध-प्रमाणपत्रही जोडावे लागते, त्यामुळे वेळ लागतो. अर्जाला डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी किमान ३० दिवस थांबावेच लागते. आता नोंदणी करून उपयोग आहे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ असे आहे, पण तुमचा हक्क त्या प्रमाणपत्रापासून सुरू होत नाही. तो तुम्ही चित्र काढले त्या दिवसापासून आहे.

यापुढचा भाग कापडावर काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे चित्रकार आणि कापडाचा डिझाइनर यांचे रस्ते वेगळे होतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) नुसार, जे डिझाइन २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता आले असते पण नोंदवलेले नाही, त्या डिझाइनची वस्तू मालकाने स्वतः किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कुणी औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त वेळा तयार केली, की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. तुम्ही स्वतःच साठ ओढण्या छापल्या आणि डिझाइन कायद्याखाली नोंद केलेली नसली, तर नक्कल करणाऱ्याविरुद्धचे तुमचे सर्वांत सोपे हत्यार तुमच्याच यशामुळे हातातून जाते. दिल्ली उच्च न्यायालयात २०१६ साली रितिका प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध बिबा अ‍ॅपरल्स या प्रकरणात कपड्यांवरच्या डिझाइनचा कॉपीराइटचा दावा याच कारणाने टिकला नाही. त्याआधी २००८ मध्ये त्याच न्यायालयाने राजेश मसरानी विरुद्ध तहिलियानी डिझाइन्स या प्रकरणात, मोजकेच नग बनवणाऱ्या डिझाइनरचा कॉपीराइट मान्य केला होता, कारण तिथे ५० ची मर्यादा ओलांडलेली नव्हती. ‘केवळ चित्र’ कुठे संपते आणि ‘वस्तूवर उमटवण्याचे डिझाइन’ कुठे सुरू होते हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात तपासावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या निकालात त्या तपासणीची पद्धत घालून दिली आहे, तेव्हा फक्त नगांच्या आकड्यावर विसंबून राहता येणार नाही.

तुमच्या बाबतीत इथे एक चांगली बातमी आहे आणि तुम्हाला बहुधा तिची कल्पना नसावी. तुम्ही डझनभरच स्टोल छापले आहेत. त्या विक्रेत्याने हजार कुर्ते छापले असले तरी ते तुमच्या परवानगीने छापलेले नाहीत, म्हणून ते ५० च्या मोजणीत धरले जात नाहीत. तुमचा कॉपीराइटचा आधार शिल्लक आहे. प्रकरण मिटेपर्यंत त्या डिझाइनचे नवे नग छापू नका आणि कुणाला छापण्याची परवानगीही देऊ नका, एवढे कटाक्षाने पाळा.

मग मोठ्या संख्येने छापायचे असेल तर काय करावे? त्यासाठी डिझाइन कायद्याखालची नोंदणी आहे आणि तिच्यात क्रमाला फार महत्त्व आहे. अर्ज करण्याच्या दिवसापर्यंत ते डिझाइन भारतात किंवा इतर कोणत्याही देशात प्रसिद्ध झालेले नसावे, ही कायद्याची अट आहे. इन्स्टाग्रामवरची पोस्ट ही प्रसिद्धीच आहे. सोमवारी पोस्ट टाकली आणि बुधवारी अर्ज केला, तर ती नोंदणी पुढे आव्हान मिळाल्यावर रद्द होऊ शकते, आणि आव्हान द्यायला नक्कल करणाऱ्याला तुमचीच पोस्ट पुरते. सीताफळाचे डिझाइन तुम्ही आधीच सर्वांना दाखवलेले असल्यामुळे त्यासाठी ही वाट आता बंद झाली आहे, हे मला सांगावेच लागेल. पुढच्या डिझाइनसाठी ती खुली आहे: आधी अर्ज, मग पोस्ट. व्यक्तीच्या नावाने अर्ज केल्यास शुल्क १,००० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि संरक्षण आधी १० वर्षे व मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षे मिळते. नोंदणी वस्तूंच्या वर्गानुसार होते. कापड वर्ग ५ मध्ये येते, पण तेच डिझाइन तुम्हाला चिनीमातीच्या कपांवरही हवे असेल तर त्या वर्गासाठी अर्ज वेगळा करावा लागतो.

प्रत्येक डिझाइनसाठी हे करणे परवडेल का, हे तुमच्या कामाच्या पद्धतीवर अवलंबून आहे. वर्षाला चाळीस-पन्नास डिझाइन काढून प्रत्येकाचे दहा-वीस नग विकणाऱ्या व्यक्तीने सगळ्यांची डिझाइन नोंदणी करावी असे मी म्हणणार नाही; तिला कॉपीराइट पुरतो. पण एखादे डिझाइन दुकानांना घाऊक जाणार आहे, त्याच्या दोनशे साड्या निघणार आहेत असे आधीच दिसत असेल, तर ते कुणालाही दाखवण्याआधी अर्ज करणे हा खर्च छपाईच्या खर्चातच धरावा. मी स्वतः दर हंगामाच्या सुरुवातीला डिझाइनचे दोन गठ्ठे करते, थोडे नग निघणारे एका बाजूला आणि घाऊक जाणारे दुसऱ्या बाजूला, आणि दुसऱ्या गठ्ठ्यातले एकही चित्र अर्जाची पावती हातात येईपर्यंत फोनवरूनही बाहेर जाऊ देत नाही.

पुढे जाण्याआधी एका समजाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण तो आपल्या बाजारात पक्का बसलेला आहे. ‘तीस टक्के बदल केला की डिझाइन आपले होते’ असे छपाईवाले, व्यापारी आणि दुर्दैवाने काही शिक्षकही सांगतात. असा कोणताही आकडा कायद्यात नाही. कल्पनेला संरक्षण नसते, तिच्या मांडणीला असते, हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात मांडले. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटते का, ही तिथली कसोटी आहे. म्हणून सीताफळाच्या फांदीचे डिझाइन काढण्याचा हक्क कुणालाही आहे. पण तुमच्या फांदीचा बाक, फळावरच्या खवल्यांची तुम्ही केलेली मांडणी, पानांची गर्दी आणि मोकळी सोडलेली जागा हे सारे उचलून फक्त जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा, रंग बदलला तर ती नक्कलच राहते.

याच सूत्राची दुसरी बाजू आपल्यालाही लागू होते. पैठणीचा बांगडी मोर, मुनिया, नारळी काठ, कोयरी ही परंपरेची मालमत्ता आहे आणि पैठणीला तर भौगोलिक मानांकनही (जीआय) मिळालेले आहे. त्या रूपांवर कुणा एका डिझाइनरचा हक्क नसतो. तुमच्या एखाद्या डिझाइनमध्ये कोयऱ्या असतील तर त्यांच्यामधली तुमची रचना आणि तुम्ही आत भरलेले काम तुमचे आहे, कोयरी नव्हे. तक्रार लिहिताना हा फरक सांभाळला नाही तर समोरचा पहिल्याच उत्तरात तुम्हाला निरुत्तर करतो. सीताफळाच्या बाबतीत ही अडचण नाही, कारण ते रूप तुम्ही निसर्ग पाहून स्वतः घडवले आहे.

आता दाखवण्याच्या पद्धतीकडे वळते. फाइल ‘७२ डीपीआयची’ (इंचाला ७२ ठिपक्यांची) केली म्हणजे ती सुरक्षित झाली असा एक गैरसमज आहे. डीपीआय ही फाइलवर लावलेली चिठ्ठी असते. छपाईला महत्त्व असते ते एकूण पिक्सेलना. रोटरी छपाईत, म्हणजे फिरत्या रुळांनी होणाऱ्या छपाईत, रिपीट (कापडभर पुन्हा पुन्हा येणारा डिझाइनचा एक पूर्ण तुकडा) बहुधा ६४ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे साधारण २५ इंच. तो ३०० डीपीआयने स्वच्छ छापायचा तर एका बाजूला साडेसात हजारांवर पिक्सेल लागतात. इन्स्टाग्रामच्या १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात पूर्ण रिपीट दाखवला तर तो त्या मापाला इंचाला जेमतेम ४३ पिक्सेल देतो आणि थेट छापला तर कडा फाटतात. इथपर्यंत लहान फाइलचा उपयोग आहे. पण हल्ली चित्र मोठे करणारी एआय साधने सहज मिळतात, आणि त्याहून जुना धोका म्हणजे नक्कल करणारे स्टुडिओ चित्र समोर ठेवून हाताने पुन्हा काढतात. लहान फाइल फक्त आळशी चोराला अडवते.

पुन्हा काढणाऱ्याला अडवायचे असेल तर त्याला रिपीट देऊ नये. कापडाच्या डिझाइनची खरी मेहनत फांदी काढण्यात जेवढी असते तेवढीच ती फांदी चारही बाजूंनी स्वतःला कशी जाऊन मिळते यात असते. हाफ-ड्रॉप रिपीटमध्ये उजवीकडची फांदी अर्धी उंची खाली उतरून कुठे जुळते, तिथले पान कसे वळवले म्हणजे कापडावर आडवा पट्टा दिसत नाही, हे सोडवायला दिवसच्या दिवस जातात. आपण पोस्टमध्ये सपाट, सरळ, चारही कडा पूर्ण असलेला चौकोन टाकतो तेव्हा ही सगळी उत्तरे फुकट वाटतो. तुमच्या प्रोफाइलवरचे सीताफळाचे जे चित्र तुम्ही प्रश्नासोबत जोडले आहे ते नेमके असेच आहे: पूर्ण रिपीट, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, समोरून स्कॅन केलेला.

त्याऐवजी कापड दाखवा. छापलेला स्टोल खुर्चीच्या पाठीवर चुण्यांसह पडलेला, कुणाच्या खांद्यावरून वळलेला, दोरीवर वाऱ्याने हललेला असा फोटो घ्या. ग्राहकाला रंग आणि पोत कळतो आणि नक्कल करणाऱ्याला मात्र चुण्यांत लपलेला भाग स्वतः रचावा लागतो. कागदावरचे चित्रच दाखवायचे असेल तर तिरक्या कोनातून, हात किंवा ब्रश मध्ये येईल असे, रिपीटचा साठ टक्क्यांपेक्षा जास्त भाग एका चौकटीत येणार नाही असे टिपा. एकाच डिझाइनचे वेगवेगळे तुकडे चार पोस्टमध्ये टाकताना ते जोडून पूर्ण रिपीट तयार होणार नाही याकडेही लक्ष ठेवा; ही काळजी बरेच जण घेत नाहीत. काम करतानाचे व्हिडिओ लोकांना आवडतात आणि ते जरूर टाकावेत, पण शेवटी संगणकाच्या पडद्यावर रिपीट जुळवतानाचा भाग कापून टाकावा.

वॉटरमार्क टाकावा, पण तो कशासाठी हे समजून. कोपऱ्यातली सही कापून टाकता येते आणि साध्या पार्श्वभूमीवरचा वॉटरमार्क एआयने क्षणात पुसला जातो. म्हणून नाव रेषांच्या सर्वांत दाट गर्दीतून, फिकट पण सलग न्यावे, म्हणजे ते पुसताना पानांच्या शिराही बिघडतात. तो फार मोठा केला तर ग्राहकाला डिझाइनच दिसत नाही आणि पोस्टचा हेतूच हरवतो. वॉटरमार्कचे खरे मोल दोन ठिकाणी आहे. चित्र हातोहात फिरले तरी नाव सोबत जाते, हे एक. आणि दुसरे म्हणजे कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ब नुसार, कलाकाराचे नाव आणि हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तुमच्या नावासह असलेली पोस्ट आणि नाव पुसलेली नक्कल शेजारी ठेवली की ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर लंगडे पडते. फाइलच्या आत नाव आणि संपर्काची माहितीही भरून ठेवावी, पण अनेक समाजमाध्यमे चित्र चढवताना ती काढून टाकतात, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

याहून जास्त विश्वास मी चित्रातच दडवलेल्या खुणेवर ठेवते आणि माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला ती घालायला लावते. ही खूण म्हणजे सही नव्हे. निसर्गात नसलेली, कुणाला मुद्दाम सुचणार नाही अशी एक क्षुल्लक गोष्ट. एका पानाच्या डाव्या बाजूची तिसरी शीर कडेपर्यंत न नेता मध्येच सोडायची. कोयरीच्या आतल्या ठिपक्यांच्या ओळीत एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला सहा ठिपके द्यायचे. रिपीटमधल्या पाच फुलांपैकी एकाच फुलाची एक पाकळी दुसरीवरून नेण्याऐवजी खालून न्यायची. नजरेला ते खटकत नाही, पण समोर ठेवून पुन्हा काढणारा हात ते जसेच्या तसे उचलतो, कारण त्याला ते चुकीचे आहे हे कळतच नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या जास्वंदीच्या डिझाइनची नक्कल ओढणीवर आली तेव्हा रंग बदललेले होते, फुले आरशासारखी उलटी केलेली होती आणि विक्रेता ‘जास्वंद काय कुणाच्या मालकीची आहे का’ असे विचारत होता. तिने दोन्ही डिझाइनमधल्या एकाच पानाचा मोठा फोटो शेजारी ठेवला. तिने मध्येच सोडलेली शीर त्या ओढणीवरही त्याच जागी, फक्त उलट्या बाजूला, तुटलेली होती. त्या फोटोनंतर चर्चा जास्वंदीवर राहिली नाही आणि माल काढून घेतला गेला. प्रत्येक डिझाइनमध्ये कोणती खूण कुठे घातली याची नोंद एका वहीत तारखेसह करावी आणि ती वही कुणाला दाखवू नये.

पुराव्यासाठी स्वतःलाच पाकीट किंवा ईमेल पाठवून ठेवण्याची पद्धत लोक सांगतात. ती अगदी निरुपयोगी नाही, पण कामाचा मागोवा तिच्यापेक्षा कितीतरी भारी पडतो. पेन्सिलीची कच्ची रेखाटने, टाकून दिलेले पर्याय, वेगवेगळ्या लेयर असलेली मूळ फाइल, पहिल्या स्ट्राइक-ऑफवर (छपाईच्या नमुन्यावर) तुम्ही लिहिलेल्या रंगांच्या दुरुस्त्या, छपाईचे बिल हे सगळे जपा. नक्कल करणाऱ्याकडे फक्त शेवटचे चित्र असते. तिथे पोचेपर्यंतचा रस्ता त्याच्याकडे नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, लिहावे लागते. म्हणून मूळ फाइल एकदा पूर्ण झाली की तिची प्रत वेगळी ठेवून द्या आणि त्या प्रतीत पुन्हा बदल करू नका.

एआयला आपले चित्र शिकवले जाऊ नये म्हणून शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेली ग्लेझ आणि नाइटशेड ही साधने काही जण वापरतात. शैलीची नक्कल अवघड करणे हा ग्लेझचा उद्देश आहे आणि व्यक्तिचित्रे किंवा कथाचित्रे काढणाऱ्यांना ते वापरून पाहता येईल. कापडावर उचलून छापणाऱ्याला त्याने अडथळा येत नाही, म्हणून तुमच्या प्रश्नात मी त्याला वरची जागा देत नाही.

खरेदीदाराच्या मागणीबद्दल माझे मत ठाम आहे: ठराव आणि आगाऊ रक्कम यांच्याआधी पूर्ण मापाची फाइल कुणालाही देऊ नये, मग ती लेयर एकत्र केलेली असो की लेयर सुटे असलेली ओपन फाइल असो. ‘साहेबांना दाखवायला’ साडेसात हजार पिक्सेल लागत नाहीत. मॉकअप, म्हणजे कापडावर डिझाइन टाकून दाखवणारे नमुना-चित्र, तेही वॉटरमार्कसह, पुरेसे असते. खरेदीदार गंभीर असेल तर प्रत्यक्ष भेटून छापलेला अर्धा मीटर दाखवावा आणि परत घ्यावा. पाठवताना सोबत लेखी लिहावे की हे डिझाइन गोपनीय आहे, फक्त निवडीसाठी पाठवले आहे, आणि लेखी ठरावाशिवाय ते छापण्याची किंवा तिसऱ्या कुणाला देण्याची परवानगी नाही. या दोन ओळींना डिझाइन कायद्यातही वजन आहे. विश्वासाने दाखवलेले डिझाइन कलम १६ नुसार प्रसिद्ध झाले असे धरले जात नाही, आणि नोंदवायच्या असलेल्या नव्या कापड-डिझाइनची पहिली गोपनीय ऑर्डर स्वीकारण्याचा तर त्या कलमात नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे खरेदीदाराला गोपनीय म्हणून दाखवून मग अर्ज करता येतो. इन्स्टाग्रामवर दाखवून मात्र येत नाही.

व्यवहार ठरला तर काय विकले हे कागदावर आणा. कॉपीराइटचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची व क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. माझ्या मते तुमच्यासारख्या कलाकाराने सर्व हक्क विकण्यापेक्षा मर्यादित परवाना द्यावा: फक्त कुर्त्याच्या कापडासाठी, अमुक मीटरपर्यंत, अमुक महिने. परवान्यावर छापलेला माल ५० च्या मोजणीत धरला जातो हे लक्षात ठेवून डिझाइन नोंदणी कुणाच्या नावाने आणि कुणाच्या खर्चाने होईल हेही त्यातच लिहावे. दुसरे म्हणजे, कुणी पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा ठरू शकतो. नोकरीत काढलेल्या कामाची मालकी सामान्यतः मालकाकडे जाते. तेव्हा ऑर्डरवर काम करताना गप्प राहणे म्हणजे हक्क देऊन टाकणे होऊ शकते.

आता झालेल्या नकलेबद्दल. इथेही क्रम महत्त्वाचा आहे. राग येणे स्वाभाविक आहे, पण आधी जाहीर पोस्ट टाकू नका. ती वाचून विक्रेता अ‍ॅपवरचे विक्रीचे पान काढून टाकतो आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही. प्रथम त्या पानाचे पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, ज्यात वेबपत्ता, तारीख, विक्रेत्याचे नाव, मालाचा क्रमांक आणि किंमत दिसेल. मग तो कुर्ता स्वतः किंवा नातेवाइकाच्या नावाने विकत घ्या. बिलावर विक्रेत्याचे नाव आणि सामान्यतः जीएसटी क्रमांक येतो, आणि हातात कापड आले की छपाई, रंग आणि खुणा बारकाईने तपासता येतात. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याचे नाव आणि पत्ता ग्राहकाला उपलब्ध करून देणे अ‍ॅपवर बंधनकारक आहे, तेही टिपून ठेवा. गूगल लेन्सवर तुमचे चित्र टाकून आणखी कुठे माल आहे का हे पाहा, कारण एकाच छपाईचे थान (कापडाचा तागा) बहुधा अनेक विक्रेत्यांकडे जाते.

त्यानंतर अ‍ॅपच्या बौद्धिक संपदा तक्रारीच्या अर्जात तक्रार करा. तुमची मूळ पोस्ट, तिची तारीख, कच्ची रेखाटने आणि दोन्ही डिझाइनमधल्या एकाच भागाचे शेजारी ठेवलेले मोठे फोटो जोडा. लांब निवेदनापेक्षा असे तीन फोटो जास्त काम करतात. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ मध्ये अशा तक्रारीनंतर मध्यस्थाने, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या संकेतस्थळाने किंवा अ‍ॅपने, ३६ तासांत तो मजकूर रोखण्याची आणि २१ दिवस तसाच ठेवण्याची तरतूद आहे. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा दिसू शकतो. ती तरतूद प्रत्येक प्रकारच्या अ‍ॅपला कशी लागू होते यावर वाद होऊ शकतो, पण व्यवहारात बहुतेक मोठी अ‍ॅप स्वतःच्या अर्जावरच कारवाई करतात, म्हणून आधी तो रस्ता घ्यावा.

माल निघाला तरी नुकसानभरपाई हवी असेल किंवा छापणाराच थांबवायचा असेल तर वकिलाची नोटीस लागेल. कॉपीराइटचा दावा तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, त्यासाठी विक्रेत्याच्या शहरात जाण्याची गरज नाही. कलम ६३ खाली फौजदारी तक्रारही होऊ शकते आणि तो गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. पण पुरेशा आधाराशिवाय धमकी दिली तर समोरचाही न्यायालयात जाऊ शकतो, म्हणून पोलिसांचे नाव स्वतःच्या पत्रात घालू नये. ते वकिलावर सोडावे. बऱ्याच वेळा विक्रेत्याने ते कापड तिसऱ्याच छपाईवाल्याकडून थानाने घेतलेले असते आणि त्याला चोरीची कल्पनाही नसते. त्याला सभ्य भाषेत पुरावा पाठवून थान कुणाकडून घेतले याचे बिल मागितले, तर तो स्वतःची मान सोडवण्यासाठी खऱ्या माणसापर्यंतचा रस्ता दाखवतो, असा माझा अनुभव आहे.

पोस्ट करणे बंद करू नका. तुमचे ग्राहक तिथेच आहेत, आणि तारखेसह नावावर असलेली ती जुनी पोस्ट आज तुमचा महत्त्वाचा पुरावा आहे. घाबरून ती काढून टाकली असेल तर लगेच पूर्ववत करा. कुर्ता आधी मागवा, तो हातात आल्यावर तक्रार करा, आणि त्या खरेदीदाराला आजच मॉकअप आणि गोपनीयतेच्या त्या दोन ओळी पाठवा. सीताफळाच्या मूळ चित्रात नकळत राहून गेलेली एखादी विसंगती आहे का, हे भिंग घेऊन एकदा शोधा. हाताने काढलेल्या चित्रात ती बहुधा सापडते, आणि तीच कुर्त्यावरही दिसली तर तक्रारीतला पहिला फोटो तिचाच द्या.